हिप्पो एका रात्रीत संपलं नव्हतं

सध्या बऱ्याच मराठी ग्रुपांवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचा सारांश असा: उत्तर आफ्रिकेत हिप्पो नावाचं भरभराटीचं रोमन शहर होतं. तिथं संत ऑगस्टीन हा युरोपीय बिशप होता आणि सगळं शहर एकदिलानं ख्रिस्ती होतं. मग सातव्या शतकात अरब आले, एका रात्रीत त्यांनी शहर बेचिराख केलं, ऑगस्टीनचं ग्रंथालय जाळलं, बिशपची गादी कायमची मोडली आणि त्याचं नावही पुसून टाकलं.

यातलं जवळपास प्रत्येक विधान चुकीचं आहे. हा मजकूर पुढे पाठवणारे बहुतेक जण इथल्या भांडणांसाठी त्याचा दाखला देतात, म्हणून एकेक दावा तपासायलाच हवा.

आधी ऑगस्टीनचं मूळ. जुन्या गोव्यात ज्याच्या नावाच्या मठाचा पडका मनोरा अजून उभा आहे, तोच हा संत. त्याचा जन्म ३५४ सालचा, थागास्ते गावचा. हे गाव म्हणजे आजच्या अल्जेरियातलं सूक अह्रास. आई मोनिका हिचं नाव तिथल्याच बर्बर, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या मूळ रहिवाशांच्या, मातीतलं मानलं जातं. इटलीत तो काही वर्षं राहिला, ३८७ मध्ये मिलानला तिथला बिशप अँब्रोज याच्या हातून त्याचा बाप्तिस्मा झाला आणि पुढच्याच वर्षी तो मायदेशी परतला. ३९१ मध्ये हिप्पोत धर्मगुरू झाला, चार-पाच वर्षांत बिशप. म्हणजे माणूस आफ्रिकेचाच. हिप्पोही रोमनांनी वसवलेलं नव्हे. फिनिशियन व्यापाऱ्यांचं ते बंदर, नंतर नुमिडिया या स्थानिक राज्याच्या राजांचं शहर, आणि रोमन त्यानंतरचे. आज त्याचे अवशेष अल्जेरियातल्या अन्नाबा शहराच्या कडेला आहेत.

‘एकदिलानं ख्रिस्ती’ हा दावा सगळ्यात फसवा आहे. ऑगस्टीन तिथं आला तेव्हा हिप्पोत एक सोडून दोन बिशप होते, एक कॅथलिकांचा आणि एक डोनाटिस्टांचा. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला रोमन छळाच्या वेळी ज्या धर्मगुरूंनी कच खाल्ली, त्यांच्या हातचे संस्कार ग्राह्य धरायचे का (डोनाटिस्ट म्हणत, नाही), यावरून आफ्रिकेतल्या चर्चची ही फाळणी झाली होती. भांडण किती घरापर्यंत पोचलं होतं ते ऑगस्टीननंच लिहून ठेवलंय. हिप्पोत कॅथलिक थोडे होते, तेव्हा फाउस्तिनुस नावाच्या डोनाटिस्ट बिशपनं हुकूम काढला की शहरातल्या कुणीही कॅथलिकांची भाकरी भाजून द्यायची नाही. एक भट्टीवाला तर कॅथलिक डीकनचा, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या धर्मसेवकाचा, भाडेकरू होता. त्यानं स्वतःच्या घरमालकाचीच कणीक न भाजता टाकून दिली! आपल्याकडे गावानं वाळीत टाकणं काय असतं हे ज्यांना माहीत आहे, त्यांना याहून अधिक सांगायला नको.

४११ मध्ये कार्थेजला, म्हणजे आजच्या ट्युनिसजवळच्या रोमन आफ्रिकेच्या मुख्य शहरात, दोन्ही बाजूंचे मिळून पाचशेहून अधिक बिशप समोरासमोर बसले. सम्राटाच्या अधिकाऱ्यानं निकाल कॅथलिकांच्या बाजूनं दिला, त्यानंतर डोनाटिस्टांवर कायद्याचा बडगा आला. आधी मन वळवण्याच्या बाजूचा असलेला ऑगस्टीन या सक्तीचं समर्थन करू लागला होता. मला त्याच्याबद्दल खूप आदर आहे, तरी हे झाकून ठेवणं बरोबर नाही.

भाषेतही एकजिनसीपणा नव्हता. हिप्पोपासून चाळीस मैलांवरच्या फुस्साला गावासाठी बिशप नेमताना ऑगस्टीनला प्युनिक, म्हणजे फिनिशियनांकडून आलेली जुनी भाषा, येणारा माणूस शोधावा लागला, कारण तिथल्या लोकांना नुसत्या लॅटिनवर भागत नव्हतं. आणि ज्या शहराला मजकूर भरभराटीचं म्हणतो, त्याच्या बंदरातून माणसं विकली जात होती. ऑगस्टीनची काही हरवलेली पत्रं १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या एका पत्रात गुलामांच्या व्यापाऱ्यांनी पळवून आणलेल्या सुमारे १२० जणांची हिप्पोतल्या ख्रिस्ती लोकांनी कशी सुटका केली, ते आहे. या शहराचा खरा मोठेपणा मला त्या पत्रात दिसतो.

आता जाळपोळ. हिप्पो जळलं होतं, पण ते अरबांच्या अडीचशे वर्षं आधी, आणि जाळणारे ख्रिस्तीच होते. राजा गाइसेरिकच्या नेतृत्वाखाली वँडल ही जर्मानिक टोळी ४२९ मध्ये स्पेनमधून आफ्रिकेत उतरली. हे वँडल एरियन पंथाचे, म्हणजे येशूला देवपित्याच्या बरोबरीचा न मानणारे, ख्रिस्ती. ४३० मध्ये त्यांनी हिप्पोला वेढा घातला, तो चौदा महिने चालला. वेढ्याच्या तिसऱ्या महिन्यात, २८ ऑगस्टला, ऑगस्टीन वारला. त्याचा शिष्य आणि चरित्रकार पोसिदियुस तेव्हा शहरातच होता. पुढे लोक शहर सोडून गेले आणि शत्रूनं ते पेटवलं, असं तो लिहितो. ग्रंथालय मात्र वाचलं. चर्चचे ग्रंथ पुढच्यांसाठी जपून ठेवा, असं ऑगस्टीन नेहमी सांगत असे, हेही पोसिदियुसच नोंदवतो, आणि ऑगस्टीनच्या लिखाणाची लांबलचक यादी देतो. त्यातली बहुतेक पुस्तकं आज आपल्या हातात आहेत, याहून आणखी काय पुरावा हवा?

त्या आगीतही शहर संपलं नाही. ४३५ चा रोमन-वँडल तह हिप्पोतच झाला. ५३३ मध्ये पूर्व रोमन (बायझंटाइन) सेनापती बेलिसारियुसनं वँडलांचं राज्य बुडवलं, तेव्हा त्यांच्या शेवटच्या राजाचा खजिना त्याला इथंच सापडला.

अरबांनी ६९८ मध्ये कार्थेज कायमचं घेतलं. त्या सुमारास हिप्पोही त्यांच्या अंमलाखाली गेलं. लढाया झाल्या, हे कुणीच नाकारत नाही. पण वस्ती चालू राहिली, नाव बूना झालं. सेबूस नदीच्या गाळानं किनारा पुढे सरकत गेला, आणि पुढे थोड्या अंतरावर नवं गाव वाढलं, तेच आजचं अन्नाबा. अकराव्या शतकातला अरबी भूगोलकार अल-बक्री जुन्या बूनाचं वर्णन करताना हे ख्रिस्ती धर्माचा मोठा पंडित ऑगस्टीन याचं शहर, असं लिहितो. मजकूर म्हणतो नाव पुसलं, आणि चारशे वर्षांनंतर अरबी ग्रंथात ते आदरानं लिहिलेलं आहे. २००१ मध्ये अल्जेरियाच्या सरकारनं ऑगस्टीनवर आंतरराष्ट्रीय परिषद भरवली होती, तीही याच परंपरेतली.

आणि बिशपची गादी? १०७६ मध्ये तिथं राज्य करणाऱ्या हम्मादी घराण्याच्या अन-नासिर या मुस्लिम अमीरानं पोप सातव्या ग्रेगरीला पत्र पाठवलं की सेर्वांदुस नावाच्या धर्मगुरूला हिप्पोचा बिशप म्हणून दीक्षा द्यावी. सोबत भेटवस्तू पाठवल्या, काही ख्रिस्ती कैदी सोडून दिले. पोपनं दीक्षा दिली आणि अमीराला उत्तर धाडलं, ते जपलेलं आहे. आपण दोघंही एकाच देवाला मानतो, मात्र वेगवेगळ्या रीतीनं, असं त्यात आहे. १९६५ मध्ये कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं इतर धर्मांविषयीच्या आपल्या घोषणेत याच पत्राचा हवाला दिला.

मजकुरात खरं एवढंच की तिथला ख्रिस्ती समाज ओसरला. पण तो शतकानुशतकं ओसरत गेला. १०५३ मध्ये पोप नवव्या लिओला कळलं होतं की साऱ्या आफ्रिकेत पाचच बिशप उरलेत. १०७६ पर्यंत नव्या बिशपला दीक्षा द्यायला लागणारे तीन बिशपही तिथं मिळेनात, म्हणूनच सेर्वांदुसला रोमची वाट धरावी लागली. यामागे आपसांतली फाटाफूट, सततच्या लढाया, जिझियाचा बोजा, समुद्रापार गेलेली कुटुंबं अशी अनेक कारणं होती, आणि बाराव्या शतकात अल्मोहद या बर्बर मुस्लिम राजवटीत उरलेसुरलेही संपले. ज्यांना हा ऱ्हास सांगायचा आहे त्यांनी जरूर सांगावा, पण मग फाउस्तिनुसची भाकरबंदी, वँडलांची आग आणि अन-नासिरचं पत्र ही तिन्ही त्यात यायला हवीत.