तुरुंगाच्या भिंतीखालचं गाणं

मला नाट्यसंगीताचं वेड आहे, नऊवारी लुगड्यांचं आहे आणि ठाण्याच्या तुरुंगाचं आहे. पहिली दोन वेडं कुणालाही समजतात. तिसऱ्यापाशी लोक थबकतात. परवा जेवताना माझ्या नणंदेनं विचारलंच, "वहिनी, गाणी आणि लुगडी ठीक आहेत, पण जेलचं काय?" तिला म्हटलं, ही तीन वेडं वेगळी नाहीत गं, एकच आहे. ते कसं, हे सांगायला जेवणाची वेळ पुरली नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. पोस्ट लांब आहे. सवडीनं वाचा.

ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह म्हणजे मुळातला किल्ला. कोर्टनाक्याकडून जाताना आपण त्याच्या भिंतीला वळसा घालून जातो आणि रिक्षात बसल्या बसल्या फोन बघत असतो. पोर्तुगीजांनी तो १७३० च्या सुमारास बांधायला घेतला. त्यांचं काम पुरं होण्याआधीच, १७३७ साली, चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी तो घेतला. वसईच्या सगळ्या रणधुमाळीची सुरुवात ठाण्यापासून झाली, हे आपल्याकडच्या मुलांना शाळेत ठासून सांगायला हवं. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी किल्ला जिंकला, १७८२ च्या सालबाईच्या तहानं साष्टी, म्हणजे ठाण्याचं बेट, त्यांच्याकडेच राहिली आणि पुढे किल्ल्याचा तुरुंग झाला. एवढा इतिहास कुठल्याही माहितीपुस्तकात मिळतो. माझं वेड याच्या पुढे सुरू होतं, कारण या भिंतीखाली एक गाणं गायलं गेलं आणि त्या गाण्यानं कैदी सोडवला.

जुलै १८१५ मध्ये बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरात खून झाला. आळ आला दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर. पुण्याचा इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन अडूनच बसला, तेव्हा पेशव्याला त्रिंबकजी इंग्रजांच्या हवाली करावे लागले. त्यांना ठेवलं ठाण्याच्या किल्ल्यात. पहारा कडक हवा, देशी शिपाई फितूर होतील, म्हणून पहाऱ्यावर सगळे गोरे शिपाई. बंदोबस्त म्हणून याहून पक्का काय असणार?

पण त्या पहारेकऱ्यांना मराठी येत नव्हतं.

किल्ल्यातल्या एका इंग्रज अधिकाऱ्याच्या पदरी एक मराठा मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा, होता. मालकाचा घोडा फिरवताना तो त्रिंबकजींच्या कोठडीच्या खिडकीखालून जायचा, यायचा. जाता-येता सहज गुणगुणावं तसा गायचा. बाहेर काय तयारी झाली आहे, माणसं कुठे आहेत, घोडे कुठे आहेत, सगळा निरोप त्या गाण्यात. पहारेकरी ऐकत होते, रोज ऐकत होते, आणि त्यांना वाटत होतं हा आपला घोडेवाला आपल्या नादात गातोय. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी निसटले. ग्रँट डफनं आपल्या मराठ्यांच्या इतिहासात हा प्रसंग नोंदवला आहे. पुढे १८१८ मध्ये त्रिंबकजी पुन्हा पकडले गेले आणि त्यांची रवानगी काशीजवळच्या चुनारगडावर झाली. तिथे बिशप हेबरनं त्यांना १८२४ साली पाहिलं. त्यानं आपल्या प्रवासवर्णनात या गाण्याच्या ओळी इंग्रजीत उतरवल्या आहेत. झुडपाआड तिरंदाज दबा धरून आहेत, झाडाखाली घोडा उभा आहे, पंचावन्न घोडे आहेत आणि चोपन्न स्वार, पंचावन्नावा स्वार मांड ठोकेल तेव्हा दख्खनला पुन्हा बरे दिवस येतील, असा त्यांचा आशय.

पंचावन्न घोडे, चोपन्न स्वार. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसले. काय रचना आहे! एका आकड्याच्या फरकात आख्खा निरोप. कुणाचं नाव नाही, जागा नाही, दिवस नाही, आणि तरी ऐकणाऱ्याला कळतं की रिकामं खोगीर आपल्यासाठी आहे. अनेक नामवंत कवींना हे साधलेलं नाही. आणि गाणारा कोण, तर एक मोतद्दार, ज्याचं नावसुद्धा इतिहासानं ठेवलं नाही. माझ्या मनात ते गाणं पोवाड्याच्या चढ्या सुरात कधी वाजत नाही. घोड्याच्या चालीबरोबर चालणारी ठाय, म्हणजे संथ लय, ओळीच्या शेवटी ओढलेला स्वर, आणि 'पंचावन्न'वर किंचित वजन. निरोप द्यायचा असेल तर शब्द स्वच्छ लागतात. तान घेतली असती तर चोपन्न की पंचावन्न हे वर खिडकीपर्यंत पोचलंच नसतं.

नाट्यसंगीत मला आवडतं ते नेमकं याच कारणासाठी. शब्द पोचला पाहिजे. लोक म्हणतात नाट्यगीत म्हणजे तानांची आतषबाजी. तसं गाणारे आहेत, त्यांना टाळ्याही पडतात. पण 'शारदा' लिहिणाऱ्या गोविंद बल्लाळ देवलांची पदं ऐका. साकी, दिंडी, बायकांच्या तोंडी असलेल्या चाली, सगळं बोलण्याला चिकटून. 'शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आलं, आणि त्यातल्या शारदेची पदं आजही एखाद्या मुलीनं नुसती सुरात वाचली तरी काळजाला हात घालतात. पुढे १९११ साली 'मानापमान' आलं, गोविंदराव टेंब्यांनी पूरबकडच्या ठुमरी-कजरीचा रंग आणला, नाट्यसंगीत श्रीमंत झालं. त्या श्रीमंतीवरही माझा जीव आहे. ऑर्गनचा भरदार स्वर, कादरबक्षांची सारंगी, थिरकवांचा तबला, हे सगळं एका नाटक कंपनीच्या पदरी होतं यावर आजच्या पिढीचा विश्वास बसणार नाही. तरी मनापासून सांगते, मला विचाराल तर देवलांची साधी चाल वरचढ.

आमच्या घरी आजोबांचा चावीचा ग्रामोफोन आहे. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं, दर बाजूला पिन बदलायची. तीन मिनिटांत पद संपवायचं असल्यामुळे तबकडीवरचं गाणं नेटकं असतं, एक जागा फुकट जात नाही. मैफलीत अर्धा तास रंगणारं पद आणि तेच पद तबकडीवर, दोन्ही ऐकून बघा. मला तबकडीवरचं जास्त वेळा ऐकावंसं वाटतं. खरखर असू दे.

आता लुगड्यांकडे येते, कारण ती बालगंधर्वांशिवाय सांगता येत नाहीत. नारायण श्रीपाद राजहंस, जन्म १८८८. त्यांनी रंगमंचावर शालू नेसला, नथ घातली, अंबाड्यावर गजरा माळला, आणि घरंदाज बायका त्यांचं बघून तसं नेसू लागल्या. एका पुरुषाकडून अख्ख्या महाराष्ट्रातल्या बायका पदर कसा घ्यावा ते शिकल्या! मला यात जराही विचित्र वाटत नाही. नेसणं ही कला आहे आणि कलावंताकडून कला शिकतात. ओचा किती सोडायचा, कासोटा किती ताठ, निऱ्या कुठे खोचायच्या, पदर खांद्यावरून किती उतरायचा, यातल्या प्रत्येक गोष्टीनं बाईची चाल बदलते. मी इरकल नेसते तेव्हा वेगळी चालते, नारायणपेठ नेसते तेव्हा वेगळी. खणाची चोळी असेल तर पाठ आपोआप सरळ होते.

पाडव्याच्या स्वागतयात्रेत हल्ली शिवलेल्या नऊवारी दिसतात. मुलींना मोटारसायकल चालवायची असते, वेळ नसतो, सगळं मान्य. तरी माझं मत आहे की एकदा तरी नेसून बघावी. शिवलेली नऊवारी प्रत्येकीच्या अंगावर सारखीच दिसते. नेसलेली मात्र ज्या बाईची, तिचीच दिसते. आईनं मला नेसवताना ओचा थोडा बाजूला घेतला होता, तसाच मी माझ्या लेकीला नेसवते, आणि आमच्या घरातल्या बायका फोटोत त्यावरून ओळखू येतात.

बालगंधर्वांच्या बाबतीत लोक शालूंचीच आठवण काढतात. मला त्यांची सिंधू थोर वाटते. 'एकच प्याला' हे नाटक राम गणेश गडकऱ्यांचं. जानेवारी १९१९ मध्ये गडकरी गेले आणि त्यानंतर ते नाटक रंगभूमीवर आलं. त्यात सिंधू म्हणून बालगंधर्वांनी ठिगळाचं लुगडं नेसलं. ज्यांचा भरजरी थाट बघायला लोक गाड्या जुंपून यायचे, तेच फाटक्या लुगड्यात उभे राहिले आणि गायले. थाट कशासाठी असतो हे ज्याला कळतं त्यालाच तो उतरवून ठेवता येतो. मासुंदा तलावाच्या काठी आपल्या रंगायतन नाट्यगृहावर गडकऱ्यांचं नाव आहे, आणि त्या इमारतीवरून जाताना मला दर वेळी ते ठिगळ आठवतं.

रंगायतनापासून तुरुंग चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आता दुसरी गोष्ट सांगते, म्हणजे मी या दोन वास्तू मनात का जोडते ते कळेल.

१९०९ च्या जूनमध्ये स्वातंत्र्यवीर सावरकरांचे थोरले भाऊ बाबाराव यांना जन्मठेप, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. गुन्हा काय? कवितांचं पुस्तक छापलं. कवी गोविंदांच्या त्या कविता म्हणजे लोकांनी मेळ्यात गायची गाणी. गाणी छापली म्हणून अंदमान! त्यांच्यावर खटला भरला तो नाशिकचा कलेक्टर जॅक्सन यानं. संस्कृत-मराठी जाणणारा, लोक त्याला पंडित जॅक्सन म्हणत. म्हणजे १८१६ मध्ये पहारेकऱ्यांना गाण्यातलं मराठी कळलं नाही म्हणून एक माणूस सुटला, आणि शंभर वर्षं व्हायच्या आत राज्यकर्त्यांना मराठी इतकं कळू लागलं की गाण्यासाठी माणूस जन्मभर आत गेला.

२१ डिसेंबर १९०९. जॅक्सनची मुंबईला बदली झाली होती. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात त्याच्यासाठी खेळ लावला होता, किर्लोस्कर मंडळींचा 'शारदा'. त्या काळी कंपनीची शारदा म्हणजे बालगंधर्व. तिथे अनंत कान्हेरे या विद्यार्थ्यानं जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. अनंत तेव्हा अठराही पुरे नव्हता. १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना फाशी दिली गेली. कुठे? आपल्या ठाण्याच्या तुरुंगात. त्यांचे देहसुद्धा नातेवाइकांच्या हाती दिले नाहीत.

मी 'शारदा'ची पदं लहानपणापासून ऐकते. हे कळल्यापासून ती मला नुसती बालविवाहाविरुद्धची पदं राहिली नाहीत. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेली लहान मुलगी घाबरून गाते, ते पद मी ऐकते आणि तिच्याच वयाच्या आसपासचा तो मुलगा मला त्या नाट्यगृहात दिसतो. देवलांनी हे योजलेलं नव्हतं, अर्थातच. पण गाणं ज्या ज्या जागी वाजलं तिथलं काही ना काही त्याला चिकटतं, आणि मला ते पुसून टाकायचं नाही.

म्हणून वास्तूंच्या जतनाबद्दल बोलताना माझा हट्ट असतो की बुरूज किती, तोफा किती, कोणी कधी जिंकला, एवढ्यावर थांबू नका. तिथे काय गायलं गेलं तेही लिहा. ठाणे म्हटलं की आपण १८५३ ची पहिली आगगाडी सांगतो, बोरीबंदर ते ठाणे, १६ एप्रिल. सांगावीच, अभिमान आहेच. पण ती गाडी इंग्रजांनी आणली. ते मोतद्दाराचं गाणं आपलं होतं, आपल्या भाषेतलं, आपल्या माणसाचं, आणि गाडीच्या सदतीस वर्षं आधीचं. किती ठाणेकर आपल्या पाहुण्यांना ती गोष्ट सांगतात? वर्तमानात तिथे कैदी आहेत, तुरुंग चालू आहे, आत जाऊन फिरावं असं मी म्हणत नाही. भिंतीवर रंगीत दिव्यांचे झोतही नकोत, तिथे ते शोभणार नाहीत. बाहेरच्या रस्त्यावर मराठीत लिहिलेला एक दगडी फलक हवा, दोन्ही गोष्टी सांगणारा. पहिल्या गोष्टीतल्या गायकाचं नाव नसलं तरी 'एक मोतद्दार' एवढं कोरलं तरी चालेल.

आणि दुसरी मागणी गाण्याची. येत्या १९ एप्रिलला संध्याकाळी आपण काही जण जमून 'शारदा'ची पदं गायची का? तंबोरा, पेटी, तबला, बस. सूत्रसंचालन नको, भाषणं नकोत, हारतुरे नकोत. सुरुवातीला त्या तिघांची नावं घ्यायची आणि पदांना लागायचं. बायकांनी हवं तर नऊवारी नेसून यावं, नेसवायला मी लवकर येऊन बसेन. हॉल मिळाला तर उत्तम, नाहीतर आमच्या नौपाड्याच्या सोसायटीची गच्ची आहे, सेक्रेटरींशी बोलून ठेवलं आहे.

गाणाऱ्यांनी मेसेज करा. देवलांच्या मूळ चाली ज्यांच्या घरात तोंडी आल्या आहेत त्यांनी तर नक्कीच करा, आजी-पणजीकडून शिकलेली एक ओळ असली तरी. घरी 'शारदा'च्या पदांच्या जुन्या तबकड्या असतील तर त्याही आणा, ग्रामोफोन माझा, पिना माझ्या. आणि संगमनेरकडच्या वाचकांना वेगळी विनंती. त्रिंबकजींचं निमगाव जाळी तुमच्याच भागातलं. तिकडच्या जात्यावरच्या ओव्यांत, पोवाड्यांत कुठे त्यांचं नाव येत असेल, कुठे ते पंचावन्न घोडे येत असतील, तर फोनवर रेकॉर्ड करून मला पाठवा. आवाज कसाही असू दे, म्हणणाऱ्या आजींचं नाव आणि गाव मात्र त्यांना विचारून सोबत लिहा.