कस बावीस कॅरेट, तरी गिनी बनावट

आपल्याकडे गिनी म्हणून ओळखली जाणारी ब्रिटिश सॉव्हरिन घरच्या घरी कशी पारखावी, हे सांगणारा एक मजकूर समाजमाध्यमांवर वारंवार फिरत असतो. नाणे आठ ग्रॅम भरले, चुंबकाला चिकटले नाही आणि सोनाराने कस बावीस कॅरेट सांगितला, की ते अस्सल समजावे. मग उजळून घ्यावे. आणि साल जितके जुने तितकी किंमत अधिक धरावी, असे त्याचे सार आहे. चुंबकाचा मुद्दा फार वेळ खात नाही. तांबे, पितळ, शिसे यांपैकी कशालाच चुंबक ओढत नाही, त्यामुळे सोन्याचा मुलामा दिलेली पितळी चकतीही या परीक्षेत उत्तीर्ण होते.

वजनाचा मुद्दा अर्धवट खरा आहे. सॉव्हरिनचे प्रमाण वजन ७.९८८ ग्रॅम असून, झिजून ७.९३८ ग्रॅमपर्यंत उतरलेले नाणेही १८७० च्या कायद्याने चलनात ग्राह्य धरले जाई. पाच शतांश ग्रॅमचा हा फरक पूर्ण ग्रॅम दाखवणाऱ्या घरगुती काट्याला कळणेच शक्य नाही. वजनाबरोबर २२.०५ मिलिमीटरचा व्यास आणि जाडीही मोजली, तर हलक्या धातूची नक्कल पकडता येते. मात्र या तपासणीचा उपयोग तेवढ्यापुरताच.

खरी गफलत कसाच्या मुद्द्यात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सॉव्हरिनला तिच्यातील सोन्याच्या भावापेक्षा चढा भाव मिळत होता आणि लंडनची टांकसाळ ती नियमितपणे पाडत नव्हती. तेव्हा इटली, लेबनॉन अशा ठिकाणी बनावट नाणी पाडणाऱ्यांनी सोन्यात चोरी केलीच नाही. चोख बावीस कॅरेट सोने वापरून त्यांनी वरच्या फरकावर नफा कमावला. लंडनच्या या टांकसाळीने, म्हणजे रॉयल मिंटने, १९५७ मध्ये सॉव्हरिन पुन्हा पाडायला घेतली, त्यामागे या बनावट नाण्यांना आळा घालणे हेही एक कारण होते. सोनार देतो तो निर्वाळा धातूचा असतो. नाणे कोणत्या टांकसाळीत पडले, हे कसोटीचा दगड सांगत नाही.

ते नाण्यावरच शोधावे लागते. घोड्यावरील सेंट जॉर्जचे चित्र असलेल्या बाजूला, घोड्याच्या पायाखालच्या जमिनीच्या रेघेवर, सालाच्या वरती मधोमध लंडनबाहेरच्या बहुतेक नाण्यांवर टांकसाळीचे बारीक अक्षर असते: एस म्हणजे सिडनी, एम मेलबर्न, पी पर्थ, आय मुंबई. लंडनच्या नाण्यावर अक्षर नसते. लंडनने १९१८ साली सॉव्हरिन पाडलीच नाही, त्यामुळे त्या सालाचे, पण अक्षर नसलेले नाणे कितीही चोख सोन्याचे असले तरी बनावट ठरते. १९१७ ची लंडनची सॉव्हरिन अस्सल असते, पण इतकी दुर्मीळ आहे की समोर आलेल्या प्रत्येक नाण्याकडे आधी संशयानेच पाहावे. त्यानंतर भिंग घ्यावे. सालाच्या उजवीकडे शिल्पकार पिस्त्रुचीची बी. पी. ही आद्याक्षरे असतात. चांगल्या स्थितीतील नाण्यावर ती सुटी वाचता येतात, तर नकलेत बहुधा त्यांचा गोळा झालेला दिसतो आणि मोकळ्या जागेत नको तिथे बारीक उंचवटे आढळतात. दोन नाण्यांवर एकच ओरखडा नेमका एकाच जागी असेल, तर दोन्ही एकाच खऱ्या नाण्यावरून उतरवलेल्या ठशातून निघाली आहेत, असा संशय घेण्यास पक्का आधार मिळतो.

उजळून घेण्याचा सल्ला तर थेट नुकसानीचा आहे. न वापरलेले नाणे दिव्याखाली तिरपे करून फिरवले की झळाळीचे पट्टे पृष्ठभागावर चक्राकार सरकतात. पॉलिशने ती झळाळी कायमची जाते आणि उरते ती सपाट चमक. झीज पाहायची ती उंच भागांवर, उदाहरणार्थ तरुण राणी व्हिक्टोरियाचा मुखवटा असलेल्या नाण्यावर तिच्या कानावरील केसांत. आपल्याकडच्या गिन्यांची आणखी एक अडचण म्हणजे कित्येकींना माळेसाठी कडी झाळलेली असते. कडी काढून कानस मारली तरी काठाचे दाते तेवढ्या जागी तुटलेले दिसतात, आणि असे नाणे संग्राहक जवळजवळ सोन्याच्याच भावाने मागतो. (विकणारा ती जागा अंगठ्याखाली धरून नाणे दाखवतो, हे लक्षात असू द्यावे.)

सालावरून किंमत ठरत नाही, हे वरच्या १९१७ च्या उदाहरणावरून दिसतेच: १९११ ची लंडनची सॉव्हरिन तिच्याहून सहा वर्षांनी जुनी, पण तीन कोटींहून अधिक पडल्याने सहज मिळते. मुंबईची १९१८ ची सॉव्हरिन ‘एकाच वर्षाची, म्हणून अतिदुर्मीळ’ असे सांगून विकली जाते. त्यातला एक वर्षाचा भाग बरोबर आहे. परंतु त्या एका वर्षात मुंबईने सुमारे १३ लाख नाणी पाडली होती.