उपाशीपोटी रामटेक गाठण्याबद्दल खुलासा

‘रामटेकला सायकलने उपाशीपोटीच निघा, वाटेत फक्त पाणी प्या, चरबी झपाट्याने जळते’ असा मेसेज नागपूरच्या सायकलवाल्यांत फिरतोय. तासाभराच्या निवांत फेरीला चालून जाईल. पण जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटरला स्नायूंतलं ग्लायकोजेन (साठवलेली साखर) संपत येतं आणि पाय अचानक गळतात. निघण्याच्या दोनेक तास आधी पोहे खा (तर्री परतल्यावर!). वाटेत तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं हवीत. एका मध्यम केळ्यात साधारण 25 मिळतात. मे महिन्यात घामावाटे मीठही भरपूर जातं. नुसतं पाणीच ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं, म्हणून बाटलीत मीठ-साखर घाला. घरी आल्यावर वरण-भात, दही. मधुमेह असणाऱ्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावं.