जीबी मोजू नका, बिल भरा

घरच्या इंटरनेटचं बिल बघून ‘एवढा डेटा आपण वापरलाच नाही’ असं मनात आलं असेल, तर आधी ग्लासभर पाणी प्या आणि शांत बसा. किती डेटा वापरला हे तुम्हाला कळायचं काही कारणच नाही. तुम्ही फक्त त्या घरात राहता. मोजणारं यंत्र कंपनीचं, आकड्यावरून बिल काढणारे कंपनीचे आणि आकडा चुकला का हे बघणारेही कंपनीचेच. इतक्या हातांखालून गेलेल्या आकड्यावर शंका घेणं म्हणजे निव्वळ उद्धटपणा.

पेट्रोल पंपाची गोष्ट वेगळी. तिथं माप कमी वाटलं तर पाच लिटरचं प्रमाणित माप मागता येतं आणि पंपवाल्याला ते काढून मोजून दाखवावं लागतं. मंडईत पाव किलो मिरच्या तोलणाऱ्या बाईच्या काट्यावरसुद्धा वैधमापनवाल्यांचा शिक्का लागतो. महिन्याला हजार रुपयांच्या जीबींसाठी असा काही काटा मागायचा म्हणजे कंपनीच्या सचोटीवर संशय घेतल्यासारखं होईल. ते बरं दिसत नाही.

नियम नाहीत असं मात्र कुठं बोलू नका. मोजणी आणि बिलं अचूक असावीत म्हणून ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, २००६ मध्ये नियमावली केली आणि २०२३ मध्ये ती नव्याने काढली. मीटरिंगचं आणि बिलिंगचं लेखापरीक्षण त्यानुसार होतं. लेखापरीक्षक ट्रायच्या यादीतला असतो, त्याला नेमते कंपनी. त्या परीक्षणात तुमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचा नंबर लागेल, ही आशा सोडा.

आता मीटर कुठं असतं तेही सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही डीपीपाशी विजेच्या मीटरच्या ओळीत शोधत बसाल. तुमचा राउटर युजरनेम-पासवर्ड देऊन कंपनीच्या यंत्रणेत लॉगिन करतो आणि एक सेशन सुरू होतं. किती बाइट आले, किती गेले, हे तिकडचं यंत्र अधूनमधून रॅडियस नावाच्या हिशेबनीसाला कळवतं आणि सेशन संपलं की शेवटचा आकडा टाकतं. ‘गेले’ हा शब्द नीट वाचा. तुम्ही पाठवता तेही बहुतेक प्लॅनमध्ये तुमच्याच खात्यावर चढतं. जिन्यातला कॅमेरा रात्रभर क्लाउडवर फूटेज ढकलत असेल, फोन फोटोंचा बॅकअप घेत असेल किंवा लॅपटॉपचं विंडोज आपले अपडेट परोपकारी वृत्तीने इंटरनेटवरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरना वाटत असेल, तर ते सगळं तुमच्या नावावर. म्हणजे कधीकधी कंपनी बरोबरही असते. भांडणाऱ्याने हे आधी तपासावं खरं तर, पण आपल्याला भांडायचंच नाहीये.

हिशेबनीसाच्या काही लकबी आहेत. सेशन आठ दिवस चालू राहिलं आणि अधलेमधले आकडे पोचलेच नाहीत, तर सेशन तुटेल त्या घटकेला आठ दिवसांचा सगळा वापर एकदम नोंदला जातो. ती घटका एक तारखेच्या पहाटेची असेल तर मागच्या महिन्याचे जीबी या महिन्यात उतरतात आणि नवीन महिना उजाडायच्या आत त्याचा निम्मा डेटा खर्च झालेला असतो. दुसरी लकब जुन्या यंत्रांची. ३२ बिटांचा काउंटर ४२९ कोटी बाइटांवर, म्हणजे साधारण ४ जीबीवर, भरतो आणि पुन्हा शून्यावर येतो. काउंटर भरून शून्यावर आला की लाइट गेल्यामुळे शून्यावर आला, हे सॉफ्टवेअरला नीट ओळखता आलं नाही, तर ४ जीबी आभाळातून पडतात. आपल्याकडे लाइट किती वेळा जाते यावर मी भाष्य करणार नाही.

हे सगळं वाचून कागद-पेन्सिल घ्यायची सुरसुरी आली असेल तर ती तिथंच दाबा. गणितासारखा शत्रू नाही. समजा, तुमचं कनेक्शन ४० एमबीपीएसचं आहे आणि ॲपच्या ‘युसेज’मध्ये रात्री दोन ते तीन या तासात ४१ जीबी दिसतात. एमबीपीएसमधला बी हा बिट. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ५ एमबी, तासाला १८ जीबी. लाइन एक क्षणही न थांबता भरून वाहिली तरी १८. बरं, जाणारा डेटाही धरू, अपलोडही ४० आहे असं मानू, आणि एकाच तासात तुम्ही दोन्ही बाजूंनी लाइन पिळून काढली असं समजू. ३६. उरलेले ५ जीबी त्या तारेतून मावणारच नाहीत, मग आले कुठून? असा प्रश्न तुम्हाला पडला ना? म्हणूनच म्हटलं, पेन्सिल नको. कंपनीने तुम्हाला विकलेल्या वेगापेक्षा जास्त वेग त्या रात्री दिला असेल तर आभार मानायचे सोडून तुम्ही तक्रार कसली करता?

तरीही फोन करायचाच असेल तर करा. ‘मराठीसाठी तीन दाबा’ म्हटलं की तीन दाबा. पलीकडून हिंदीत स्वागत होईल. तुमचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं जाईल आणि मग “सर, सिस्टम में तो यही दिखा रहा है” हे वाक्य येईल. यावर ‘सिस्टम चुकली आहे, तेच तर सांगतोय’ असं ओरडू नका. सिस्टम चुकली आहे का हे तो मुलगा सिस्टममध्येच बघणार आणि सिस्टममध्ये तसं काही दिसत नाही. तो बिचारा पगारापुरता तिथं बसलाय. पुढचे प्रश्न पाठ केलेले असतात: घरात लहान मुलं आहेत का? वायफायचा पासवर्ड कोणाला दिलाय का? स्मार्ट टीव्ही आहे का? तिन्हींपैकी एकाला जरी ‘हो’ म्हणालात, तरी तुमची फिर्याद संपली आणि तुमच्या घराची चौकशी सुरू झाली.

ही चौकशी मन लावून करा. कंपनीला जे सापडलं नाही ते घरात नक्की सापडतं. पोराचा गेमिंगचा नाद, मुलीचे ऑनलाइन क्लास, नवऱ्याची रात्रीची ‘एकच एपिसोड’वाली बैठक, सगळं बाहेर काढा. एचडी चित्रपट तासाला साधारण ३ जीबी घेतो; म्हणजे त्या रात्रीचे ४१ जीबी एकट्याने संपवायचे तर त्या एका तासात तेरा-चौदा तास टीव्ही बघावा लागेल, पण पोरगं कबूल होईपर्यंत हा तपशील त्याला सांगू नका. शेवटी संशय आजीवर येईल, कारण ती यूट्यूबवर हरिपाठ लावून झोपते आणि तो रात्रभर एकामागून एक चालू राहतो. साध्या दर्जाचा व्हिडिओ तासाला जीबीभरही खात नाही. तरी तिचा टॅब काढून घ्या. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तर घरात हरिपाठ ऐकणारं माणूस असलेलं सोयीचं पडतं.

पुराव्यांच्या नादी लागू नका. राउटरच्या सेटिंगमध्ये वापराचा आकडा असतो. तो राउटर बंद-चालू केला की बहुधा शून्य होतो, आणि नाही झाला तरी ‘सर, वो हमारा ऑफिशियल नहीं है’. राउटर त्यांनीच बसवलेला आहे, हे बोलून उपयोग नाही. लॅपटॉपवरचा आकडा दाखवलात तर त्यात हजाराने भागलंय की १,०२४ ने, हा वाद निघेल. जीबीपर्यंत पोचेस्तोवर या एका फरकाने सात टक्क्यांची तफावत पडते, म्हणजे शंभरातले सात जीबी कोणीच न चोरता गायब.

मी सांगतो म्हणून पुढच्या गोष्टी तर अजिबात करू नका. गणपतीला गावी जाताना राउटरचा प्लग काढून, त्याचा तारखेसकट फोटो काढू नका. प्लग काढलेला असताना ॲपमध्ये वापर चढताना दिसला, तर त्याचा अर्थ कुठलं तरी सेशन बंद झाल्याची नोंदच झालेली नाही किंवा तुमच्या युजरनेमवर दुसरंच कोणीतरी लॉगिन करतंय, असा होऊ शकतो. केबलवाल्या दादाने कनेक्शन देताना युजरनेम म्हणून तुमचा मोबाइल नंबर आणि पासवर्ड म्हणून १२३४ टाकलेलं असेल, तर दुसरी शक्यता अगदीच कवीकल्पना नाही. पण वायफायचा नव्हे, लॉगिनचा पासवर्ड बदलून द्या असं त्याला म्हणू नका. प्रत्येक सेशनची सुरुवात, शेवट, दोन्ही दिशांचे बाइट आणि ज्या उपकरणावरून लॉगिन झालं त्याचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्या उपकरणाचा ओळख क्रमांक, असा तक्ता ईमेलवर लेखी मागू नका. आणि फोन ठेवण्यापूर्वी डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, तर मागूच नका. तो एकदा हातात आला की तक्रार झाली हे कंपनीलाही मान्य करावं लागतं, आणि मग उगाच कटुता येते.

लिमिट संपल्यावर काय होतं, ते एव्हाना अनुभवलं असेलच. ट्रायच्या २०१६ च्या निर्देशाने लिमिट संपल्यानंतरही वेग ५१२ केबीपीएसच्या खाली नेता येत नाही, आणि निम्मा डेटा संपला की ग्राहकाला मेसेज जावा लागतो. गंमत अशी की २०२३ पासून २ एमबीपीएसपेक्षा कमी वेगाला सरकारी व्याख्येत ब्रॉडबँडच म्हणत नाहीत. म्हणजे महिन्याचे उरलेले दिवस तुम्ही ब्रॉडबँडच्या दरात ब्रॉडबँड नसलेलं काहीतरी वापरता. ते नको असेल तर टॉप-अप आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी. न वापरलेल्या डेटावर भरलेला कर देशाच्या कामी येतो, हा विचार मनाला बराच आधार देतो.

डॉकेट नंबर घेतलात? बरं. आता निकाल विरुद्ध गेला की तीस दिवसांत अपील करता येतं, फुकट. २०१२ च्या नियमांनुसार अपिलाचा निकाल ३९ दिवसांत लागायला हवा. चाळीस का नाही, हे विचारू नका. अपील प्राधिकारी म्हणजे कुठल्या तरी आयोगाचे तटस्थ गृहस्थ असतील असं समजून कडक इस्त्रीचा शर्ट घालू नका. ते कंपनीचेच अधिकारी असतात. सल्ला द्यायला समिती असते, तिच्यात ग्राहक संघटनेचा एक सदस्य असतो आणि तोल बिघडू नये म्हणून कंपनीचाही. मग ट्रायकडेच जातो म्हणाल, तर एकेका ग्राहकाच्या तक्रारी ट्राय सोडवत नाही. ती तक्रार पुढे पाठवते. कोणाकडे, ते तुम्ही ओळखलं असेल.

ग्राहक आयोगाचं नाव तर काढूच नका. तिथं जायची वाट बरीच वर्षं छान अडलेली होती. १८८५ च्या तार कायद्यात कलम ७ ब होतं. त्यावर बोट ठेवून २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे वाद ग्राहक मंचाबाहेर, लवादाकडे पाठवले. तार २०१३ मध्ये बंद पडली, पण तारेचं कलम इंटरनेटच्या बिलाला राखण करत बसलं होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की दूरसंचार ग्राहकाला आयोगाकडे जाता येतं. तेव्हापासून कंपन्यांची ही सोय गेली. आता पाच लाखांपर्यंतच्या मूल्याच्या तक्रारीला फी नाही, वकील लागतोच असं नाही, दोन वर्षांची मुदत आहे आणि घरबसल्या १९१५ या हेल्पलाइनपासून सुरुवात करता येते. इतकं सगळं असल्यावर माणसाला मोह होणारच. पण साडेचारशे रुपयांच्या टॉप-अपसाठी तारखा मोजायच्या का, याचा विचार करा. कंपनीने तो आधीच केलेला आहे, म्हणून तर रक्कम साडेचारशे आहे.

त्यापेक्षा सरळ कनेक्शन तोडायला सांगा. हा एकच उपाय असा आहे की जो मी मनापासून सुचवतो, कारण त्याने माणसाचं मोल कळतं. ज्या कंपनीत तुमचा फोन चाळीस मिनिटं सुगम संगीत ऐकत होता, तिथून स्वतःहून फोन येईल. आणि या वेळी बाई चक्क मराठीत बोलतील. “सर, तुम्ही आमचे जुने ग्राहक आहात.” राउटर परत घ्यायला माणूस पाठवा म्हटलं की त्या हळव्या होतील. आकडा चुकला होता का, या प्रश्नाला उत्तर मिळणार नाही, आणि बिल दुरुस्त होईल असंही नाही, कारण दुरुस्ती म्हणजे चूक झाल्याची कबुली. पण सदिच्छा म्हणून तुमच्या खात्यात शंभर जीबी डेटा मोफत टाकला जाईल. तो मोजायला तेच मीटर, तोच हिशेबनीस.

सौजन्याने हो म्हणा. घरात सगळ्यांना सांगा, आजीचा टॅब परत द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, घरात कोणी उठायच्या आधी, मेसेज येईल: ‘प्रिय ग्राहक, आपण आपल्या मोफत डेटापैकी ५० टक्के डेटा वापरला आहे. टॉप-अपसाठी येथे क्लिक करा.’