डबा बोलला न्हाई

परवा कोल्हापुरात रंकाळ्यावर तासाभरात माझी सगळ्यात मोठी कमाई ऐंशी रुपये झाली, आणि ती परत करावी लागली. कारण ती भेळेची होती.

रस्त्यावर गायचं तर जागा भेळवाल्याशेजारीच धरावी. फिरायला आलेला माणूस आपल्यासमोर जेमतेम दहा सेकंद असतो, भेळवाला त्याला पाच मिनिटं उभा करतो. पाठीला भिंत हवी, नाहीतर निम्मा आवाज तळ्यात जातो. गाणं तीन मिनिटांत संपवायचं, आलाप घरी. गिटारच्या खोळीत आधी आपल्याच वीसच्या दोन नोटा पेरायच्या. खोळ रिकामी असली तर कुणी हात सैल सोडत नाही, शंभराची दिसली तर 'ह्याचं भागलंय' म्हणून पुढं जातात. नोटांवर दगड ठेवायचा, वारा गाण्याचा भोक्ता नसतो. जोडीदाराची हलगी दमट हवेनं उतरते, भद्द वाजते. मग कणीसवाल्याच्या निखाऱ्यावर लांबूनच शेकायची. घाईनं जवळ धरली की कातडं कड्यापाशी फाटतं. वर शेकण्याचं भाडं म्हणून कणीस घ्यावं लागतं ते वेगळंच.

एवढं सांभाळलं आणि घात केला खोळीला अडकवलेल्या क्यूआर कोडानं. अंतऱ्याच्या ऐन वरच्या सुरावर खिशातला फोन बोलला, "ऐंशी रुपये मिळाले." मी फुललो. वासुदेव देवांची नावं घेत 'दान पावलं' म्हणायचा, आमचं दान फोन पावतं करतो. शेवटची ओळ मी दोनदा म्हटली.

तेवढ्यात शेजारी भेळेच्या गाड्यावर आवाज चढला.

"पैसं दिल्याती. ही बघा हिरवी टिक," पांढऱ्या बुटातले काका मोबाइल नाचवत होते.

"टिक ऱ्हाऊ दे. डबा बोलला न्हाई."

"डबा न्हाई बोलला तर मी काय करू?"

"डबा बोलल्याशिवाय भेळ हलायची न्हाई." भेळवाल्या मामांनी दोन्ही पुडे गाड्याच्या आतल्या बाजूला सरकवले. मग मोबाइल हातात घेऊन नाव वाचलं. माझं.

"अहो, हे त्या गाणं म्हणतंय त्या पोराला गेलं!"

काका माझ्याकडं वळले. "म्हंजे? हा तुमचा माणूस न्हवं? मला वाटलं गिऱ्हाईक गोळा कराय ठेवलाय."

मी मुकाट्यानं ऐंशी रुपये मामांच्या डब्याला पाठवले. डबा खणखणीत बोलला, सात-आठ माणसांनी वळून बघितलं. माझ्या गाण्याला वळली नव्हती.

"काका, गाणं तर ऐकलंत की," मी चाचरत म्हटलं.

"ऐकलं. पर भेळीची वाट बघत. येगळं न्हाई ऐकलं."

ह्या गावाला कलापूर म्हणतात. शाहू महाराजांच्या दरबारी गवई अल्लादिया खाँसाहेब होते, गाण्याचा देवल क्लब 1883 चा आहे, खासबागेत हलगी कडाडल्याशिवाय कुस्तीला रंग चढत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा गाव हळहळलं, ते रास्तच. पण छपराखालची कला ती कला, आणि फूटपाथवरची? गोंधळी, पोतराज, नंदीबैलवाले ह्यांनी शतकानुशतकं पोट भरलं ते ह्याच उघड्यावर. 2000 च्या ध्वनिनियमांप्रमाणं स्पीकरला लेखी परवानगी लागते. त्याबद्दल तक्रार नाही, म्हणून तर मी नुसत्या गळ्यावर गातो. मागं एकदा अर्ज करून बघितला होता. टेबलापलीकडून विचारलं, "आयोजक कोण? व्यासपीठाचं माप?" मी खोळीचं सांगितलं, साडेतीन फूट. अर्ज अजून तिथंच आहे, बहुतेक माप घेतायत.

सामान आवरताना मामा आले. "भावा, उद्या बी हितंच बस. तू असलास की मानसं थांबत्याती. फकस्त त्यो कागद आत ठेव."

मी बरं म्हटलं. त्यांनी पाचशेची नोट पुढं केली. मी उगाच आवंढा गिळला.

"सुट्टं हाय का?"