वायफाय कार्ड बदलताना न घ्यावयाची काळजी

घरी जोडलेल्या कॉम्प्युटरचं वायफाय रडायला लागलं की पहिल्याच मिनिटाला निदान करून मोकळे व्हा: कार्ड गेलं. कॅबिनेटच्या मागचे दोन अँटेना हाताने आवळून पाहणं वगैरे बायकापोरांसमोर करण्यासारखे उपाय नव्हेत. ज्याने स्वतःच्या हाताने प्रोसेसर बसवला, तो नट पिळत बसत नाही. तो पार्ट मागवतो.

मागवताना फक्त आकडा बघा. इंटेलचं एएक्स२०० आहे आणि एएक्स२०१ही आहे. म्हणजे दुसरं एकाने सरस, हे उघडच झालं. दोन्ही २२ मिलिमीटर रुंद, ३० मिलिमीटर लांब, एकाच खाचेत बसणारी. आता २०० हे अख्खं कार्ड असतं आणि २०१ मधला वायफायचा अर्धा मेंदू इंटेलच्या ठरावीक चिपसेटमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या मुख्य चिपमध्ये असतो, त्याला सीएनव्हीआय म्हणतात, असल्या बारीकसारीक गोष्टी मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत असतात. ती पुस्तिका तुम्ही माउसखाली ठेवली आहे, तिथेच राहू द्या. इंटेलऐवजी एएमडीचा प्रोसेसर घेणाऱ्या बोर्डावर २०१ छान बसतं, स्क्रूही लागतो. फक्त ते आहे हे कॉम्प्युटरला शेवटपर्यंत कळत नाही.

बरोबर कार्ड आलंच, तर अँटेनाच्या वायरींचा प्रश्न येतो. वायरीच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढी सोनेरी वाटी असते. ती कार्डावरच्या तितक्याच चिमुकल्या कड्यावर अगदी सरळ धरून नखाने दाबायची, ‘टक्’ आवाज आला की बसली. हे फार वेळखाऊ आहे. तुम्ही ती तिरकी धरा आणि अंगठ्याने रेटा. असली कनेक्टरं जेमतेम ३० वेळा काढ-घाल सोसतील अशा हिशेबाने बनवलेली असतात. तीही एका दुपारी उरकता येतात. वाटी चेपली तर वायर तशीच लोंबकळत ठेवा. राउटर शेजारच्या टेबलावर असेल तर अँटेनाशिवायही नेटवर्कचं नाव दिसतं, सिग्नलची एखादी कांडीसुद्धा उमटते. त्यावरून ‘हार्डवेअर ओके आहे’ असा निष्कर्ष काढा आणि पत्र्याच्या डब्याचं झाकण लावून टाका.

ब्लूटूथ दिसत नाही? कार्ड मदरबोर्डवरच्या पीसीआय एक्सप्रेस खाचेत बसणारं असेल, तर त्याच्या खोक्यात एक बारीक केबल आली असेल. वायफाय पीसीआय एक्सप्रेसवरून चालतं, पण ब्लूटूथला यूएसबी लागतं, म्हणून ती केबल बोर्डावरच्या यूएसबीच्या पिनांना लावायची असते. तुम्ही ती जादा समजून ड्रॉवरमध्ये टाकली, ते उत्तम केलंत.

आता ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर. तो नेटवर आहे आणि नेट येण्यासाठी तो हवा आहे. फोन यूएसबीने जोडून त्याचं नेट पाच मिनिटं वापरा, असं सुचवणारा कोणी भेटेल. त्याच्याशी बोलणं सोडा. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या नावावर दिसणाऱ्या पिवळ्या त्रिकोणाकडे टक लावून बसा, कार्ड ‘अनइन्स्टॉल’ करा, रिस्टार्ट करा, त्रिकोण परत आला की पुन्हा करा. चौथ्या खेपेला माणसाला एक प्रकारची शांती लाभते.

मुख्य म्हणजे भिंतीवरचा प्लग उपटू नका. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर ‘शट डाउन’ केल्यावरही ते पूर्ण बंद होत नाही. आपली अर्धी स्थिती डिस्कवर लिहून ठेवून झोपी जातं. शिवाय बोर्डाला थोडी वीज मिळतच असते. त्यामुळे अडकलेलं कार्ड अडकलेलंच राहू शकतं. प्लग काढून, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरलं, की अशी बरीच कार्डं निमूटपणे जागी होतात. एवढ्यावर भागणार असेल तर आपल्या शनिवार-रविवारचं काय करायचं? विंडोज नव्याने टाका. फोटोंचा बॅकअप आहे का, हे फॉरमॅट झाल्यावर आठवा.

यातूनही नेट सुरू झालंच आणि रखडायला लागलं, तर राउटरला शिव्या द्या. अँटेनाला खेटून ठेवलेल्या यूएसबी ३ च्या हार्ड डिस्कला हात लावू नका. अशा उपकरणांचा आणि केबलींचा गोंगाट नेमका वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात शिरतो, हे इंटेलनेच २०१२ मध्ये लिहून ठेवलंय. पण तिथून ती डिस्क हलवली तर टेबलाची शोभा जाईल.

राहता राहिलं जुनं कार्ड. ते टाकू नका, भाच्याला द्या. पोरगं हात साफ करेल. आठवडाभराने त्याचा फोन येईल: ‘मामा, ते खराब कार्ड दिलंस ना, ते माझ्याकडे मस्त चालतंय. फुल रेंज! तू मागचे अँटेना आवळून बघितले होतेस ना?’

आवाज येत नाहीये म्हणा आणि फोन ठेवा.