सिद्दी बायकांची कवंदी आणि आपलं ‘वाह, आफ्रिका!’

सिद्दी, म्हणजे भारतातले आफ्रिकी वंशाचे लोक, म्हटलं की आपल्याला जंजिरा आठवतो, फार तर मलिक अंबर. तलवार नाहीतर सत्ता हाती असलेली माणसं. पोर्तुगीजांनी पूर्व आफ्रिकेतून गोव्यात आणून विकलेली माणसं कुठल्या बखरीत सापडायची? त्यातली काही घाट चढून पळाली. त्यांचे वंशज आज कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर-हल्याळ-मुंडगोडच्या जंगलपट्ट्यात राहतात, कोकणीच्या आपल्या वळणाने बोलतात. पिढ्यान्‌पिढ्या बऱ्याच जणांची मजुरी दुसऱ्याच्या शेतात आणि बागायतीत.

तिथल्या बायका गोधडी शिवतात, तिला कवंदी म्हणतात. खाली जुनी साडी, वर विटक्या कपड्यांचे तुकडे. टाका कडेपासून सुरू होतो आणि फिरत फिरत मध्यावर पोचतो. चारही कोपऱ्यांना कापड दुमडून केलेली फुलं हवीतच. त्यांच्याशिवाय कवंदी उघडी वाटते म्हणे! २०११ मध्ये या कवंद्या न्यूयॉर्कला, हार्लेमच्या शोम्बर्ग सेंटर या कृष्णवर्णीयांच्या संस्कृतीला वाहिलेल्या संस्थेत मांडल्या गेल्या.

फोटो फिरले की खाली ठरलेलं कौतुक: ‘काय रंग! आफ्रिका रक्तातच आहे!’ मला हे वैताग आणतं. आफ्रिकेशी धागा असेलही, अभ्यासक तो शोधतातच. पण कवंदीत कुठला रंग येणार, हे त्या वर्षी कुठली साडी फाटली यावरही ठरतं की! कामावर झिजलेला सदरा त्यात असतो, तो आपल्याला दिसत नाही.

अमेरिकेत अलाबामातल्या गीज बेंडचं उदाहरण घ्या. गुलामांच्या वंशजांचं गाव. कित्येकांचं आडनाव पेटवे, म्हणजे मळ्याच्या मालकाचंच. १९४२ मध्ये नवरा गेल्यावर मिझूरी पेटवेने त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. पुढे गीज बेंडच्या गोधड्या २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी कला संग्रहालयात लागल्या, २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आल्या. जगाला निदान शिवणाऱ्यांची नावं कळली. तरीही २००७ मध्ये काही जणींना पैशासाठी कोर्टात जावं लागलं, तेव्हा नुसत्या नावाने पोट भरत नाही हेही खरंच.

आपल्याकडे मात्र ‘सिद्दी ट्रायबल क्विल्ट’ एवढ्याच चिठ्ठीवर भागतं. बाईचं नाव नाही, गाव नाही, तिच्या हातात किती पडले तेही नाही. आणि किंमत ऐकून ‘गोधडीला एवढे?’ म्हणणारेही आपणच. मजुरी धरून हिशेब मांडा एकदा, मग घासाघीस करा. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी कमेंटमध्ये यावं, मी आहे.